युरोपात निवांत, दुपारी दोन ते चार

नवं लग्न झालेलं जोडपं देवबागात लांबूनच ओळखू येतं. तिच्या हातावरची मेंदी उतरणीला लागलेली, चुडा मात्र अजून कोपराशी. त्याच्या पायात करकरीत नवे सँडल. आणि दोन रात्रींच्या मुक्कामासाठी महिन्याभराचे कपडे भरलेली बॅग, जी रिक्षात मागे मावत नाही आणि पुढे ठेवली तर रिक्षावाला मावत नाही. मालवणपासून दहा-बारा किलोमीटरवर, एका हाताला अरबी समुद्र आणि दुसऱ्या हाताला कर्ली नदी घेऊन हे गाव चिंचोळं होत जातं आणि नदी समुद्राला मिळते तिथे संपतं. काही घरांच्या पुढच्या दारी समुद्र, मागच्या दारी खाडी. जोडपं खोलीत बॅग टाकतं, खिडकी उघडतं, "वॉव" म्हणतं, दोन सेल्फी काढतं आणि पाचव्या मिनिटाला खळ्यात येऊन विचारतं, "काकू, इथे बघण्यासारखं काय आहे हो?"

या एका प्रश्नावर अर्ध्या गावाची चूल पेटते.

उत्तर तयार असतं. डॉल्फिन पॉइंट, निवतीचं दीपगृह, गोल्डन रॉक, भोगवे किनारा, कर्ली संगम, सीगल आयलंड, त्सुनामी आयलंड. भरती-ओहोटी सांभाळून एका होडीत, एका सकाळीत. त्सुनामी आयलंड म्हणजे खाडीतला वाळूचा उंचवटा. तिथे गुडघाभर पाण्यात उभं राहून भजी खाता येतात आणि बनाना राइडवरून पडता येतं. दुपारी जेवण, तिथून धावतपळत सिंधुदुर्ग किल्ला. १६६४ साली काम सुरू करून १६६७ साली पुरा केलेला हा किल्ला महाराजांना बांधायला तीन वर्षं लागली, जोडप्याला बघायला चाळीस मिनिटं पुरतात. दुसऱ्या दिवशी स्कूबा. मग रिक्षा, कुडाळ स्टेशन, आणि गाडीत बसल्यावर स्टेटस: 'फायनली रिलॅक्स्ड'.

सिंधुदुर्गाला पर्यटन जिल्हा जाहीर केलं ते १९९७ साली. तेव्हापासून देवबागातल्या कितीतरी घरांनी मासेमारीच्या जोडीला खोल्या काढल्या, होड्यांना छत बसवलं आणि दुसऱ्यांच्या मधुचंद्राची सोय लावण्यात हयात घातली. आता अशाच एका घरात खुद्द झिलाचं लग्न ठरलंय असं समजा. बापूस होडी चालवतो, आवस चार खोल्या आणि जेवण सांभाळते, झील पुण्यात संगणकाच्या कंपनीत. मुलगी डोंबिवलीची. आणि दोघांनी एकमतानं जाहीर केलंय की हनिमूनला युरोप. तोही साधासुधा नाही, लक्झरी.

एकमत इथपर्यंतच.

डोंबिवलीच्या मुलीने आयुष्यातली सकाळ ८.०७च्या फास्टमध्ये काढलेली. तिला समुद्र दिसणारी बाल्कनी हवी, कॉफी हवी आणि समोर काहीही न घडणारी दुपार हवी. तिने सँटोरिनीचे फोटो पाठवले: पांढरी घरं, निळे घुमट, खाली समुद्र. झिलाने फोटो बघितला आणि त्याच्या पोटात गोळा आला. लहानपणापासून सुट्टीत त्याने समुद्राकाठी केलं काय, तर पाहुण्यांच्या बॅगा उचलल्या, चादरी बदलल्या आणि "पाणी खोल आहे, पुढे जाऊ नका" हे वाक्य हजारदा म्हटलं. त्याच्या लेखी समुद्र म्हणजे ऑफिस. "पैसे भरून समुद्र बघायचा?" तो म्हणाला. त्याला म्युझियम हवीत, बर्फ हवा, आगगाड्या हव्यात. म्हणजे एकाला बघायचंय आणि एकीला बसायचंय. दोघांनी समंजसपणे एक एक्सेल शीट उघडली.

त्या शीटमध्ये सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत रकाने पडले. प्रत्येक दिवशी दुपारी दोन ते चारच्या रकान्यात तिने पिवळ्या रंगात 'निवांत' असं भरलं. पुढचे दोन महिने सगळ्या नातेवाइकांचा डोळा त्या पिवळ्या रकान्यावर होता.

पहिलं आक्रमण मात्र व्हिसाचं झालं. शेंगेन व्हिसा एकच, देश २९. फी नव्वद युरो, प्रवास विमा किमान तीस हजार युरोंचा, आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून ते पंधरा दिवस आधीपर्यंत. इथवर ठीक. पण अर्ज करायचा कुठल्या देशाकडे? जिथे सर्वांत जास्त मुक्काम, त्या देशाकडे. मुक्काम समसमान असेल तर जिथून शिरणार त्या देशाकडे. शीटमध्ये फ्रान्सच्या चार रात्री, स्वित्झर्लंडच्या चार. बघणं आणि बसणं यांचा मेळ राहिला बाजूला, आधी पॅरिस मोठं की आल्प्स यावर खडाजंगी झाली. शिवाय कोणत्या दिवशी कुठे असाल याचा तक्ताही फाइलला जोडायचा असतो. म्हणजे आळस करायचा तर तोही वकिलातीला आगाऊ कळवून.

पुढचा पेच मुहूर्ताचा. बाकी महाराष्ट्र लग्नं उरकतो मे महिन्यात. देवबागात मे म्हणजे ऐन सीझन. मेमध्ये लग्न धरलं तर चारही खोल्या पुणे-कोल्हापूरच्या पाहुण्यांनी भरलेल्या आणि नवरदेवाचा मामा शेजाऱ्याच्या पडवीत. दिवाळी आणि नाताळचीही तीच कथा. जलक्रीडा बंद होतात मेच्या अखेरीस, आषाढी एकादशीपासून चातुर्मास. त्या दोहोंच्या फटीत जूनचा मुहूर्त मिळाला. पण जून म्हणजे युरोपातही गर्दी, आणि व्हिसाच्या अपॉइंटमेंटा मिळायच्या तर अर्ज मार्च-एप्रिलमध्येच हवा. थोडक्यात, मधुचंद्राचा अर्ज लग्नाआधी. मग पुरावा काय? लग्नपत्रिका! वकिलातीच्या फाइलमध्ये बँकेचे उतारे, प्राप्तिकराची विवरणपत्रं आणि त्यांच्या वर गणपतीचं चित्र असलेली, 'आमचे येथे श्रीकृपेकरून' असं सुरू होणारी आणि 'कृपया आहेर आणू नये' असं संपणारी पत्रिका रीतसर नत्थी झाली. एक शहाणपण मात्र मुलीने वेळेवर केलं. विमानाचं तिकीट माहेरच्या नावाने काढलं, कारण पासपोर्टवर तेच नाव होतं. सासरच्या हौशी आत्याने नवं नाव घालून तिकीट काढण्याचा आग्रह धरला होता. ते ऐकलं असतं तर नवरा पॅरिसमध्ये आणि बायको सहार विमानतळावर.

तेवढ्यात डोंबिवलीचे मामा अवतरले. मामा युरोप करून आलेले. मराठी मध्यमवर्गाच्या घराघरात युरोप पोचवला तो ग्रुप टूरनी. केसरी पाटलांनी १९८४ साली सुरू केलेली 'केसरी' काय, त्यांच्या कन्या वीणा पाटील यांनी २०१३ साली काढलेली 'वीणा वर्ल्ड' काय, या मंडळींनी पासष्टीच्या आजींना आल्प्सवर नेऊन सुखरूप परत आणलं, तेही वरण-भात खाऊ घालून. ही कामगिरी लहान नव्हे. पण त्यातून एक माणूसही घडला, ज्याच्या डोक्यात युरोप म्हणजे सहा-सात-आठ: सहाला उठा, सातला नाश्ता, आठला बस. मामांनी शीट बघितली आणि पिवळ्या रकान्यावर बोट ठेवलं. "दोन तास नुसते बसणार? दोन तासांत ब्रसेल्स होतं!" मामांच्या मते लंडनही जाता जाता होतं. लंडनला शेंगेन चालत नाही, वेगळा व्हिसा लागतो, हे सांगितल्यावर त्यांनी इंग्लंडच्या स्वभावाबद्दल नाराजी व्यक्त केली.

मामांच्या यादीत टिटलिस होतं. तिथे तीन हजार मीटर उंचीवर शाहरुख-काजोलचं, माणसाच्या उंचीचं चित्र उभं केलंय आणि भारतीय मंडळी शेजारी उभी राहून फोटो काढतात. युंगफ्राउयोखही होतं. ३४५४ मीटरवर, १९१२ सालापासून थेट रेल्वे स्टेशन. इंटरलाकेनपासून पुरं भाडं माणशी दोनशे फ्रँकच्या पुढे. आणि वर गेल्यावर ढग असले तर? ढग असले तर ढग बघायचे. हे कानावर पडलं तसा अंगणात जाळं विणत बसलेला बापूस पहिल्यांदा चर्चेत उतरला.

"ढगात काय दिसना नाय, ह्यां बघूक आंबोली आसा. एस्टीन जावा."

यात असूया नव्हती, हिशेब होता. हाच हिशेब ग्लेशियर एक्सप्रेसलाही लागला. झेरमाट ते सेंट मॉरिट्झ, काचेच्या छताचा डबा, २९१ पूल, ९१ बोगदे आणि साधारण आठ तास. जगातली सर्वांत संथ एक्सप्रेस म्हणून ती मिरवते आणि २०१९ पासून तिच्यात एक खास वर्गही आहे, जिथे प्रत्येकाला खिडकी आणि ताटात एकामागून एक पदार्थ. झील हरखला होता. बापसाने शांतपणे विचारलं की आठ तास हळू जाणारी एक्सप्रेस, नव्वदीपार बोगदे आणि डोंगर, तर मग कोकण रेल्वेत काय कमी आहे? दादरहून तुतारी एक्सप्रेसमध्ये बसलास की एवढंच सगळं दिसतं, वर चिपळूणला वडापाव. यावर झिलाकडे उत्तर नव्हतं. मुलीकडे होतं, पण ती अजून या घरात नवी होती.

लक्झरीचं गणित त्याहून अवघड. फ्रान्समध्ये पंचतारांकितच्याही वर 'पॅलेस' असा सरकारी दर्जा आहे, २०१० पासून. मोजक्याच हॉटेलांना तो मिळतो, आणि तिथली एक रात्र हजार युरोच्या पुढे, म्हणजे आपले लाखभर रुपये. आता लाख रुपयांच्या खोलीत राहायचं तर ती वसूल करायला नको? संगमरवरी टबात तासभर, मऊ झग्यात तासभर, फळांची टोपली, इस्त्री, उशांची निवड करायचं वेगळं मेन्यूकार्ड. हे सगळं वसूल करत बसलं तर आयफेल टॉवर राहतो. आयफेल टॉवर बघायला गेलं तर खोली रिकामी पडून लाख रुपये जातात. मराठी माणसापुढे असा धर्मसंकटाचा प्रसंग क्वचित येतो. शेवटी एकच रात्र महागड्या हॉटेलात काढायची आणि त्या दिवशी शहराकडे ढुंकूनही बघायचं नाही असा ठराव झाला. लूव्र त्या दिवशी ठेवायचं नव्हतंच, कारण तो मंगळवार होता आणि लूव्र मंगळवारी बंद असतं. देवबागच्या आवशीला ही गोष्ट फार पटली. वार पाळणाऱ्या संस्थेबद्दल तिच्या मनात आपोआप आदर निर्माण झाला.

विश्रांतीचा सर्वांत पद्धतशीर प्रकार मुलीने जर्मनीत हुडकून काढला. बाडेन-बाडेनचं फ्रीडरिश्सबाड हे १८७७ सालचं स्नानगृह. तिथे सतरा पायऱ्यांनी विश्रांती घ्यायची असते: आधी शॉवर, मग गरम हवेची खोली, मग अधिक गरम हवेची, मग साबण आणि ब्रशने मसाज, वाफ, कोमट कुंड, गार कुंड, आणि शेवटी चादरीत गुंडाळून झोप. सतरा पायऱ्या वाचून झील खूश झाला, कारण यात 'पॉइंट' होते. टिकमार्क करता येणार होते. पुढे वाचल्यावर कळलं की परंपरेने हे सारं अंगावर सूतही न ठेवता करायचं असतं, आणि स्त्री-पुरुषांचं मुख्य कुंड एकच. त्या संध्याकाळी शीटच्या कौटुंबिक आवृत्तीत बाडेन-बाडेनसमोर 'ऐतिहासिक वास्तू' अशी नोंद झाली. दुसऱ्या दिवशी मामांनी तिथे सहकुटुंब काढलेला एखादा फोटो पाठवायची फर्माईश केल्यावर तीही ओळ पुसली गेली.

आवशीने एकच अट घातली होती: दिवेलागणीच्या आत खोलीवर परत यायचं. दोघांनी आनंदाने मान्य केलं. जूनअखेर पॅरिसमध्ये सूर्य मावळतो रात्री दहाच्या सुमाराला.

आवस एरवी या चर्चेत बोलत नसे. ती चुलीपुढे असायची, बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं टाकत, एक कान बाहेर ठेवून. पण मधुचंद्र या विषयात त्या घरात तिच्याएवढा अधिकार कुणाचाच नव्हता. इतकी वर्षं तिने भिंतीपलीकडून, ताटं वाढताना, चादरी वाळत घालताना शेकडो जोडपी बघितली. भांडणं कधी होतात, हे तिला तारीखवार ठाऊक. पहिल्या रात्री प्रवासाचा शीण आणि मोबाइलला रेंज नाही म्हणून कुरबुर. दुसऱ्या दिवशी पॉइंट, ऊन, ओले कपडे, आणि "तू माझा एकही फोटो नीट काढला नाहीस" यावरून अबोला. आणि अबोला सुटायच्या आत चेकआउट. क्वचित एखाद्या जोडप्याची गाडी चुकते, होडी बंद पडते, नाहीतर वाऱ्यामुळे सगळं बंद असतं, आणि त्यांना तिसरी रात्र नाइलाजाने काढावी लागते. तीच जोडपी पुढच्या वर्षी पोर घेऊन परत येतात. एक दिवस तिने पळी खाली ठेवली, बाहेर आली आणि होऊ घातलेल्या सुनेला सांगितलं:

"खंयय जावा, पण तीन रात्री ऱ्हवा गो. पयल्या दिवशी माणसां मोबायल बघतत, दुसऱ्या दिवशी पॉइंट बघतत. तिसऱ्या दिवशी मगे एकमेकांक बघतत."

युरोप सहलींच्या चकचकीत माहितीपत्रकांत एवढा नेमका सल्ला सापडत नाही. त्यातून नियोजनही सोपं झालं. सात गावं गेली, तीन उरली. पॅरिसला तीन रात्री, आल्प्समध्ये वेंगेनला चार, व्हेनिसला तीन. स्वित्झर्लंडचा मुक्काम सर्वांत मोठा, म्हणून अर्ज स्विस वकिलातीकडे. महिनाभराचा वाद एका ओळीत मिटला. वेंगेन निवडलं त्यालाही कारण होतं. त्या गावात मोटारी नाहीत, लाउटरब्रुनेनहून दात्यांच्या रेल्वेने वर जायचं, आणि युंगफ्राउ शिखर हॉटेलच्या सज्जातून फुकट दिसतं. ढग आले तर कॉफी मागवायची, दोनशे फ्रँक वाचतात. दिवसाला वेळ ठरलेलं तिकीट एकच, तेही सकाळचं, हा नियम देवबागातून उचलला. इथे होडी कधी सुटेल ते भरती ठरवते. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, तिच्याशी वाद घालता येत नाही, आणि पाणी ओसरलं की उरलेला दिवस आपोआप मोकळा. लूव्र सकाळी नऊला, मग काही नाही. पिवळा रकाना दोन ते चारचा दोन ते दहा झाला. मामांनी तीन दिवस फोन केला नाही.

राहता राहिलं व्हेनिस. इथे बापसाने जाळं बाजूला ठेवलं आणि चष्मा लावला, कारण विषय होडीचा होता. झिलाने माहिती वाचून दाखवली. गोंडोला अकराएक मीटर लांबीची, आठ जातींची लाकडं वापरून केलेली, डावी बाजू उजवीपेक्षा मुद्दाम रुंद, कारण वल्हं एकच आणि तेही एका अंगाने मारायचं. हे ऐकून बापसाने मान डोलावली. कारागीर जाणता होता. परवानाधारक नावाडी चारशेच्या वर. दर नगरपालिकेने ठरवलेला: दिवसा अर्ध्या तासाला नव्वद युरो, संध्याकाळी सातनंतर पस्तीस मिनिटांना एकशेदहा. गाणं हवं तर त्याचे वेगळे. २०२० साली एका होडीतली माणसं सहावरून पाचावर आणली, कारण पर्यटकांची वजनं वाढली. शिवाय २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी नुसतं गावात पाय ठेवायचे निदान पाच युरो. मुक्कामाला राहणाऱ्यांना मात्र ते माफ.

बापूस बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "डिझेल किती लागता?"

"इंजिनच नाय, बाबा. वल्यान मारतत."

"इंजिन नाय, डिझेल नाय, डॉल्फिन नाय, आणि अर्ध्या तासाक नऊ हजार?"

"हां."

"माणशी?"

"नाय. होडीक."

"मगे पाच जण भरा. तुमी दोघांच कित्याक बसतास?"

हनिमूनच्या गोंडोल्यात तीन अनोळखी माणसं घ्यावीत, या सूचनेवर सून पदर तोंडाला लावून आत पळाली. पण बापूस गंभीर होता. बनाना राइडचा दर वाढवावा की नाही यावर देवबागात दरवर्षी घासाघीस होते, एकाने शंभर कमी केले की दुसरा दोनशे कमी करतो, आणि गिऱ्हाईक त्या भांडणात जेवण फुकट मागतं. तिकडे चारशे होड्या, एक दर, आणि कोणी हूं की चूं करत नाही? शिवाय गावात शिरण्याचे पैसे आधीच घेतलेले! सुटायच्या आदल्या रात्री, आवस बॅगेत सोलकढीचं आगळ आणि मेतकूट कोंबत असताना, त्याने झिलाला खळ्यात बोलावून व्हेनिसपुरतं एक काम सोपवलं.

"त्या नगरपालिकेच्या दरपत्रकाचो फोटो काढून धाड. सीझन सुरू होवच्या आधी आमची मीटिंग आसा. आणि हॉटेलवालो गिऱ्हाईक धाडता त्याका कमिशन किती टक्के देतत, तां पण इचारून ये. व्हकलेक नेव नको इचारूक. ती गप बसान कॉफी पिवंदे."